लंकेतली लढाई: जे गेले त्यांचं म्हणणं, जे घरी राहिले त्यांचं म्हणणं

माहुलीकर (धागाकर्ता)

साताऱ्यात फौजेचा विषय निघाला की अपशिंगे मिलिटरी येतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण पडले ते येतं, मग एकाहत्तर, मग कारगिल. मधली श्रीलंका कुणी काढत नाही. काढलीच तर 'राजीव गांधींनी उगाच पाठवलं' एवढ्यावर विषय मिटतो आणि लोक ऊसदराकडे वळतात.

माझे थोरले मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, जाफन्याच्या बाजूला. एकाहत्तरच्या गोष्टी ते मागाल तेव्हा सांगायचे. लंकेबद्दल विचारलं की "तिथं नारळ लई" म्हणून उठायचे. अखेरच्या वर्षांत थोडं बोलले. ते आणि इतरांकडून ऐकलेलं एकत्र करावं म्हणून हा धागा.

नव्या मुलांसाठी थोडक्यात. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना लंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला, त्यावरून सिंहली बाजूला हा करार किती गोड लागला ते कळतं. ठरलं असं की तमिळ बंडखोरांनी हत्यारं खाली ठेवायची, लंकेच्या फौजेने छावणीत परतायचं आणि मध्ये आपण उभं राहायचं. वाघांनी, म्हणजे प्रभाकरनच्या एलटीटीईने, थोडी हत्यारं दिली, बरीचशी ठेवली. सप्टेंबरात त्यांच्या तिलीपन या पुढाऱ्याने उपोषणात जीव दिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंकेच्या नौदलाने पकडलेल्या वाघांपैकी १२ जणांनी पलालीच्या तळावर सायनाइड खाऊन मरण पत्करलं. त्यानंतर आठवडाही गेला नाही आणि 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच मुलांशी लढाई. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते.

मामांचं म्हणणं साधं होतं. "उतरलो तेव्हा बायकांनी हार घातले, ओवाळलं. दिवाळीपर्यंत त्याच गल्लीत आमच्यावर फायर आला. दोन्ही वेळी आम्ही तेच, युनिफॉर्म तोच. मधल्या काळात काय झालं ते आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही."

मला यातलं राजकारण कमी आणि माणसं जास्त हवी आहेत. तुमच्या घरातलं कुणी गेलं होतं का? ते काय म्हणायचे? आणि गावात तेव्हा काय बोललं जायचं?

---

कंदीपेढा

वाचतोय. आमच्या आळीत एक जण लंकेहून जपानी टीव्ही घेऊन आला होता, एवढंच आठवतं. रामायण त्यांच्याकडे बघायला जायचो. लंकेहून आलेल्या टीव्हीवर लंकादहन! तेव्हा यात काही विशेष वाटलं नव्हतं.

---

नातू_टाइप_करतो

राम राम. मी बोलतोय, नातू टायपतोय. मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. गाव सांगत न्हाई, तालुका खटाव.

धागा काढला ते बरं केलंत. तुमचे मामा बोलत न्हवते त्याला कारण हाय. एकाहत्तरला समोर फौज व्हती. तिचा मोर्चा, आपला मोर्चा. लंकेत मोर्चाच न्हाई. रस्ता हाय, दोन्ही बाजूला ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, माणसाच्या डोक्याएवढी उंच. त्येच्या मागं घर, परडं, परड्यात विहीर. दर घराला विहीर. लाल माती, कांद्याचे वाफे, तंबाखूची वावरं. आमच्यात एक वाळव्याकडचा व्हता, तो तंबाखू बघून म्हणाला, आयला, ही तर आमच्यापेक्षा चांगली पिकवत्यात. त्याच वावरातनं तिसऱ्या दिवशी फायर आला.

रस्त्यावर चालायचं न्हाई, ही पहिली शिकवण. दर मोरीखाली सुरुंग असू शकतो. वायर मातीत पुरलेली, ती जाती कुठं तर शंभर-दोनशे मीटरवर एखाद्या घराच्या मागं. तिथं बसलेला पोरगा गाडी बरोबर मोरीवर येईस्तोवर थांबणार. मग बटण. म्हणून आम्ही वावरातनं, बांधाबांधानं चालायचो आणि मोरी आली की आधी दोन्ही अंगाला माणसं पाठवून वायर शोधायची. चार मैलाला सकाळ जायाची.

हातात आमच्या एसएलआर. चांगली बंदूक, लांबवर मारती. पण गल्लीबोळात समोरच्याकडं एके-४७, त्यो धडाधड सोडतोय आन् आपण एक एक. नकाशे जुने. आणि भाषा. मद्रास रेजिमेंटची पोरं असली तर बोलायची, आमी काय बोलणार? हातवारे. समोरची म्हातारी काय सांगतीय, 'पुढं जाऊ नका' म्हणतीय का शिव्या देतीय, काय कळत न्हवतं.

बाकी मग सांगतो. नातवाला क्लासला जायचंय.

---

रोखठोक

सलाम हवालदारसाहेब. हे वाचल्यावर तरी 'उगाच पाठवलं'वाल्यांनी गप्प बसावं.

माझं मत सरळ आहे. फौजेचे हात बांधून लढाईला पाठवलं. सुरुवातीला तोफा नाहीत, विमानं नाहीत, सामान्य माणसाला इजा नको, कमीत कमी बळ वापरा. आणि समोरच्याला असला कसलाच नियम नाही. जाफना विद्यापीठाचं बघा. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरने कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जण उतरवले. वाघ आधीच दबा धरून बसलेले. त्या ३० पैकी २९ गेले, एक पकडला गेला. हे शिपायांचं अपयश नव्हे, दिल्लीतल्या गुप्तवार्तावाल्यांचं. ज्यांना आपणच आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं, त्यांची ताकद किती हे आपल्यालाच माहीत नव्हतं!

आणि मेजर परमेश्वरन विसरू नका. जन्म मुंबईचा, ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना घात झाला, त्यांनी उलट वळसा घालून हल्ला केला, छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. परमवीर चक्र. त्या मोहिमेतलं एकमेव. साताऱ्यात किती पोरांना माहीत आहे?

---

अडयारची_मराठी

माहेर मिरज, गेली बरीच वर्षं चेन्नईत. धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या शेजारी एक जाफन्याच्या बाई राहतात, निवृत्त शिक्षिका. मी मराठी आहे म्हटल्यावर पहिलं वर्षभर जेवढ्यास तेवढं बोलायच्या. नंतर कळलं का. ८७ च्या ऑक्टोबरात त्या घरच्यांना घेऊन नल्लूरच्या देवळात राहिल्या होत्या. हजारो माणसं तिथे आसऱ्याला आली होती, पाण्यासाठी रांगा. त्यांच्या घरावर तोफेचा गोळा पडला होता. तेव्हा @रोखठोक, 'तोफा नव्हत्या' हे पहिल्या काही दिवसांपुरतं खरं असेल, पण जाफन्यातल्या माणसाला सांगायला जाऊ नका.

आणि जाफन्याचं इस्पितळ. २१ ऑक्टोबर, ऐन दिवाळी. आपली फौज आत शिरली. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण धरून साठहून अधिक माणसं मेली. आपली बाजू म्हणते आतून वाघांनी गोळीबार केला, चकमकीत सापडली. वाचलेले कर्मचारी म्हणतात, वाघ तोवर निघून गेले होते. शेजारीण बाईंची मैत्रीण तिथे परिचारिका होती. त्या दर दिवाळीला सकाळी देवळात जातात, फटाके फोडत नाहीत. मी हे दोन्ही देशांचा हिशेब मांडायला लिहीत नाही. घरी राहिलेल्यांचं म्हणणं विचारलंत ना? जाफन्यातही कुणीतरी घरी राहिलं होतं.

---

रोखठोक

ताई, तुमच्या शेजारणीबद्दल आदर आहे. पण वाघ इस्पितळातून, देवळातून, शाळेतून गोळ्या झाडायचे हे तुम्हाला त्या सांगणार नाहीत. बायका-पोरांना पुढे करायचे. एसीत बसून मानवाधिकार आठवणं सोपं असतं.

---

अडयारची_मराठी

एसी बिघडलाय, दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणतोय.

आणि त्या ते सांगतात. वाघांनी त्यांच्या भाच्याला उचलून नेला, तेही सांगतात. माणूस दोघांवरही चिडलेला असू शकतो.

---

कुंडलचा

मी सांगली जिल्ह्यातला, नावातच गाव आहे. वरची चर्चा वाचताना मला सारखी आमची आजी आठवते आहे, त्यामुळे जरा लांबड लावतो.

१९४३ ते ४६, प्रतिसरकारचा काळ. तेव्हा सांगलीचा हा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा ही मंडळी पुस्तकात आहेत, त्यांच्याबद्दल मी वेगळं काय सांगू? मला सांगायचंय ते भाकरीबद्दल. भूमिगत रात्री यायचे. आजीच्या घरी टोपल्यात भाकरी जास्तीच्या असायच्या, का ते कुणी विचारायचं नाही. पहाटे निघून जायचे. सकाळी पोलीस पार्टी आली की आजीला दरडावून विचारायची, रात्री कोण होतं? आजी म्हणायची, पाव्हणं. कुठले पाव्हणे? सासरकडचे. नाव? आपल्यात बायका नाव घेतात व्हय? एवढ्यावर चौकशी संपायची. मग घराची झडती, कणग्या उलट्या, धान्यात राख. गावांवर सामुदायिक दंड बसायचे. दंड भरताना लोक शिव्या कुणाला द्यायचे? भूमिगतांना नाही, सरकारला.

पण सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. भूमिगतांचा धाकही होता. पोलिसांना खबर देणाऱ्याचे तळवे फुटायचे, सगळ्यांना माहीत होतं. आजीला विचारलं, तू भाकरी प्रेमाने द्यायचीस की भीतीने? तर म्हणाली, "भाकरी ती भाकरी, तव्यावर असताना कोण इचार करतंय."

आता हवालदारसाहेबांचं वाचा. वायर जाते एखाद्या घराच्या मागे. त्या घरातल्या बाईला रात्री कोण आलं होतं हे माहीत नव्हतं? होतंच. ती सांगत का नाही? कारण फौज उद्या पुढच्या गावी जाणार आणि तो पोरगा तिच्या भावकीतला आहे, इथेच राहणार आहे. हे समजायला साताऱ्याच्या माणसाला कुठलं युद्धशास्त्र वाचावं लागत नाही. आपण त्या घरातच वाढलो.

दुसरी गोष्ट, फार जणांना माहीत नसेल. प्रतिसरकार इकडे चालू असतानाच आपली पोरं इंग्रजांच्या फौजेतून परक्या बंडाशी लढत होती. ऑक्टोबर १९४५, जावा बेट, सुराबाया शहर. जपान हरला होता, इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारलं होतं आणि डच परत यायला बघत होते. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि कैदी सोडवायचे म्हणून हिंदी फौजेची ४९ वी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला तिथे उतरली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, चौथी आणि सहावी. छोट्या छोट्या ठाण्यांत सगळ्या शहरभर पांगवल्या. वरून विमानातून पत्रकं टाकली की इंडोनेशियनांनीही हत्यारं जमा करावीत. २८ तारखेला अख्खं शहर अंगावर आलं. ठाणी एकटी पडली. ३० ला ब्रिगेडचा प्रमुख, ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. मग १० नोव्हेंबरला इंग्रजांनी तोफा-विमानांनिशी शहर घेतलं. इंडोनेशिया आजही १० नोव्हेंबर हा वीरदिन पाळतो. म्हणजे त्यांच्या वीरांना मारणाऱ्यांत नि त्यांच्या हातून मरणाऱ्यांत आपल्याकडची पोरं होती. नेहरू आणि काँग्रेस इकडे ओरडत होते की हिंदी शिपाई दुसऱ्याच्या गुलामीसाठी वापरू नका. काही हिंदी शिपाई फुटून इंडोनेशियनांना मिळालेही.

आमच्याच भावकीतले एक जण मराठा पलटणीत होते. जावाला होते की इटलीत, घरात कुणाला धड सांगता येत नाही. मनिऑर्डर मात्र नियमित यायची. त्या मनिऑर्डरीच्या पैशात घेतलेल्या जोंधळ्याच्या भाकरी आजी भूमिगतांना घालायची. यात तिला काही विसंगत वाटलं नाही.

---

कंदीपेढा

वा. पोस्टला दहा पैकी बारा. सुराबायाचं ठाऊक नव्हतं.

---

रोखठोक

@कुंडलचा, माफ करा, पण हे डोक्यात गेलं. क्रांतिसिंह नाना पाटील कुठे आणि प्रभाकरन कुठे! प्रतिसरकारने पोरांच्या गळ्यात सायनाइडच्या कुप्या बांधल्या नव्हत्या. वाघांनी १९८६ मध्ये टेलो या दुसऱ्या बंडखोर संघटनेची तमिळ पोरंच शेकड्यांनी मारली, आपल्याच जातभाईंची. लहान मुलं लढाईत उतरवली. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय केलं ते जगाने पाहिलं. नाना पाटील पुढे लोकांतून निवडून खासदार झाले. तुलना करताना तारतम्य ठेवा.

---

कुंडलचा

नाना पाटलांची तुलना मी कुणाशी केलेली नाही. पोस्ट परत वाचा. मी आजीची तुलना जाफन्यातल्या बाईशी केली आहे. पुढारी वेगळे असले तरी रात्री दार वाजल्यावर त्या बाईसमोरचा पेच तोच. आणि झडती घ्यायला आलेला शिपाईही एखाद्या आजीचाच नातू. आपल्याकडे तर दोन्ही एकाच घरात होते.

वाघांबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातल्या एकाही वाक्याला माझा विरोध नाही.

---

कोरेगावची_सून

मी फारसं लिहीत नाही, वाचते. माझे सासरे लंकेत गेले, ८८ साली. परत आले नाहीत.

तेव्हा मी या घरात नव्हते. सासूबाईंकडून ऐकलेलं लिहिते. तार आली तेव्हा त्या शेतात भांगलत होत्या. तार वाचायला मास्तरांना बोलावलं. मास्तर वाचून उभेच राहिले, मोठ्याने वाचेनात, तेव्हाच कळलं. नंतर अस्थी आल्या. गावाने केलं, नाही असं नाही. दहाव्याला चार गावं जमली. पण कारगिलनंतर जशा मिरवणुका निघाल्या, कमानी उभ्या राहिल्या, तसं काही तेव्हा नव्हतं. टीव्हीवर बातमीत फक्त 'शांतिसेना' असं यायचं, कोण पडलं, कुठे पडलं, काही नाही. सासूबाईंना बरीच वर्षं वाटायचं की लंकेत म्हणजे सिंहलींशी लढाई होती. तमिळांशी होती हे राजीव गांधी गेल्यावर कळलं.

नंतर एकदा कागदांसाठी त्या एका कचेरीत गेल्या. कारकुनाने विचारलं, कुठल्या युद्धात गेले? म्हणाल्या, लंकेत. तो म्हणाला, मावशी, ते युद्ध नव्हतं, शांतता ठेवायला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, मग माझा माणूस कशानं मेला? त्याने काम केलं त्यांचं, माणूस वाईट नव्हता. पण त्या घरी येऊन जेवल्या नाहीत.

@अडयारची_मराठी, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. इस्पितळाचं ऐकून गप्प बसल्या. मग विचारलं, त्या बाईला मुलंबाळं आहेत का?

---

अडयारची_मराठी

एक मुलगी आहे, कॅनडात. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

सज्जनगडी

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो. मग जायलाच नको होतं का? त्यावेळची परिस्थिती बघा. १९८७ च्या मे महिन्यात लंकेच्या फौजेने वडमराच्ची भागात जोरदार मोहीम काढली होती, जाफन्याची कोंडी झाली होती. तमिळनाडूत आग लागली होती. ४ जूनला आपल्या एएन-३२ विमानांनी, सोबत मिराज घेऊन, जाफन्यावर अन्नाची पाकिटं टाकली. त्रिंकोमालीचं बंदर दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये ही काळजी होती. नुसतं बघत बसलो असतो तर आज हेच लोक म्हणाले असते, शेजारी माणसं मरताना भारत झोपला होता. करारातून आलेली, प्रांतांना अधिकार देणारी १३ वी घटनादुरुस्ती लंकेच्या राज्यघटनेत अजून आहे. पूर्ण पाण्यात गेलं असं कसं म्हणता?

चुकलं ते एवढंच की शांतता राखायला पाठवलेल्या फौजेला दोन-अडीच महिन्यांत लढायला लावलं आणि तयारी मात्र शांततेचीच ठेवली. सुरुवातीला एक डिव्हिजन गेली, मग दुसरी, तिसरी, चौथी. या सगळ्याचा कारभार आपल्या पुण्यातल्या दक्षिण कमांडकडे होता, जिचं बंडखोरीशी तोवर फारसं देणंघेणंच नव्हतं. ईशान्येत वर्षानुवर्षं हेच काम केलेली डिव्हिजन नंतर आली.

---

माहुलीकर

@सज्जनगडी, जायला नको होतं असं मीही छातीठोक म्हणणार नाही. पण ज्यांनी पाठवलं त्यांनी तिन्ही बाजू गृहीत धरल्या. तमिळांनी आपल्याला रक्षक मानायचं, सिंहलींनी पाहुणे मानायचं, वाघांनी ऐकायचं. झालं असं की लंकेच्या दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली पक्षाने भारताविरुद्ध रान पेटवलं, भारतीय माल विकणाऱ्याला जिवाची भीती. १९८९ मध्ये प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि म्हणाले जुलैअखेर चालते व्हा. एवढंच नाही, त्यांनी वाघांनाच हत्यारं पुरवली, आपल्या फौजेशी लढायला. म्हणजे ज्या सरकारच्या विनंतीवरून गेलो, त्याच सरकारच्या गोळीने आपला माणूस मरायची वेळ.

मामा यावर एकदाच बोलले होते. म्हणाले, "शेवटच्या वर्षात आम्ही कुणाचेच नव्हतो."

---

नातू_टाइप_करतो

सगळं वाचून घेतलं. दोन-तीन गोष्टी सांगायच्यात.

रोखठोक साहेब, तुमचं आमच्यावर प्रेम हाय, पण हात बांधले म्हणून हरलो हे मला पटत न्हाई. नंतर हात सोडले व्हते की. तोफा आल्या, हेलिकॉप्टर आलं, रणगाडे आले. जाफना शहर दोन आठवड्यांत घेतलं. मग काय झालं? वाघ जंगलात गेला, मुल्लैतिवूकडं. आमी जंगलात गेलो. शहरात रातच्याला तो परत. आमचं राज्य सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. कुंडलच्या साहेबांनी आजीचं सांगितलं, अगदी तसंच.

चेन्नईच्या ताईंनी इस्पितळाचं लिवलंय. मी तिथं न्हवतो. पण आमच्यातल्यांनी चांगलंच वागलं असं मी म्हणणार न्हाई. सकाळी ज्याच्यासंगट चहा प्यालाय त्यो दुपारी मोरीवर उडाला, तुकडे गोळा केले, आन् शंभर मीटरवर घरं हायत, घरातली माणसं म्हणत्यात आमाला काय म्हाईत न्हाई. त्यावेळी माणसाच्या डोस्क्यात काय चालतं ते मला म्हाईत हाय. आमचा सुभेदार लई करडा. असं झालं की पहिलं काम, तो सेक्शन मागं घ्यायचा आन् झडतीला दुसरा पाठवायचा. ज्याचा दोस्त गेलाय त्याला त्या घरात शिरू द्यायचा न्हाई. तवा आमाला त्याचा राग यायचा. आज वाटतं त्या म्हाताऱ्यानं आमाला वाचवलं. सगळ्याच पलटणीत असा सुभेदार नसणार.

एक म्हातारा व्हता, चावकच्चेरीकडं. आमचं ठाणं त्याच्या घराजवळ. रोज विहिरीचं पाणी काढून द्यायचा, आधी सोता प्यायचा, मग आमाला. म्हंजे विष न्हाई बघा. आमी त्याला रेशनातली साखर द्यायचो. एक दिस म्हातारा आला न्हाई. वाघांनी नेला म्हणाले, फौजेला पाणी दिलं म्हणून. पुढं काय झालं कळलं न्हाई. आमी त्याला साखर दिली नसती तर? ह्यो प्रश्न मी बायकोलाबी कधी सांगितला न्हवता.

परत आलो तवा मद्रासला फौजेनं स्वागत ठेवलं व्हतं. तिथले मुख्यमंत्री आले न्हाईत, म्हणाले ह्या फौजेनं आमच्या तमिळांना मारलं. मला राग आला न्हाई खरं सांगू का. त्येंच्या जागी मी असतो तर मीबी गेलो नसतो. पण मग आमी कुणाच्या सांगण्यावरनं गेलतो? गावात आलो तर पयला प्रश्न, टीव्ही आणला का? आणला व्हता की. दोन वर्स कुणी दुसरं काय विचारलंच न्हाई.

---

वाढे_फाटा_एक्सप्रेस

आजोबा, मी भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो. एक विचारायचं होतं. उद्या मला अशा कुठल्या परक्या देशात पाठवलं तर? तुमच्या मते जावं का?

---

नातू_टाइप_करतो

जावं का, हा प्रश्न तुला कुणी विचारणारच न्हाई बाळा. हुकूम येतो. तू विचारायचं असंल तर आत्ता विचार, मतं मागायला येत्यात त्यांना. आन् पळताना गुडघ्याची काळजी घे, डांबरावर पळू नको.

---

रोखठोक

हवालदारसाहेब, तुमच्यापुढे मी कोण. पण मला अजूनही वाटतं की पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकद लावली असती तर निम्मे जवान वाचले असते.

---

कुंडलचा

१९४५ ला इंग्रजांनी सुराबायात पूर्ण ताकद लावली होती. चार वर्षांत इंडोनेशिया स्वतंत्र झाला.

---

रोखठोक

तुम्ही सुराबाया सोडणार नाही आज.

---

माहुलीकर

@कोरेगावची_सून, एक माहिती. कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे शांतिसेनेतल्या जवानांचं स्मारक आहे, लंकेच्या सरकारने बांधलेलं, काळ्या दगडावर नावं कोरलेली. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर नावं लागायला २०१९ उजाडलं, दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तेव्हा. फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथे 'पवन'मधले जवान आहेत. सासऱ्यांचं नाव आणि पलटण मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर दिल्लीतल्या भाच्याला फोटो काढायला सांगतो. ज्यांनी परत जायला सांगितलं त्यांनी आधी दगड उभा केला, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

---

कोरेगावची_सून

केला व्यनि. सासूबाई म्हणतात फोटो मोठा काढायला सांगा, चष्म्याचा नंबर वाढलाय.

---

रोखठोक

हवालदारसाहेब, समोरासमोर बसून भांडायचं आहे तुमच्याशी. येत्या रविवारी साताऱ्यात आहे. पोवई नाक्यावर चहा? @माहुलीकर, @कुंडलचा, तुम्हीही या.

---

नातू_टाइप_करतो

रविवारी जमत न्हाई, ऊसतोडीची टोळी आलीय, ट्रॅक्टर गेल्याशिवाय रान सोडता येत न्हाई. बुधवारी कॅन्टीनला यायचंच हाय. अकरा वाजता या. चहा तुमचा.